वेचणीचा हंगाम आणि बाळाची पेज

पैनगंगेकाठी, यवतमाळ जिल्ह्याच्या सरहद्दीला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील भीमपूरसारख्या कापूसपट्ट्यात वेचणी सुरू झाली, की लेकुरवाळ्या मजूर बाईलाही रोजासाठी रानात जावे लागते आणि चार महिनेही न भरलेले मूल आजीच्या स्वाधीन होते. मग ते भुकेने रडू लागले, की पेज, वरणाचे पाणी किंवा चहात बुडवलेले बिस्किट, जे हाताशी असेल ते त्याच्या मुखी लागते.

या घाईचे खापर परंपरेच्या माथी फोडण्याचा सुशिक्षितांचा रिवाज मला मान्य नाही. सुश्रुताने अन्नप्राशनासाठी सहावा महिनाच सांगितला आहे. उलट चार ते सहा महिन्यांची सैल मुदत मोडून पुरते सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस जागतिक आरोग्य परिषदेने केली ती २००१ साली.

चमचा ओठांशी नेताच कोवळे मूल पेज जिभेने बाहेर ढकलते आणि आजी कौतुकाने त्यास नखरा म्हणते. वस्तुतः घास घशात अडकू नये म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज असून, ती साधारणतः चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान ओसरते. पातळ पेजेने इवलेसे पोट भरते खरे, परंतु तीत दुधातले स्निग्धांश नसतात. मूल अंगावर कमी पिते, आणि जितके ओढावे तितकेच दूध उतरत असल्यामुळे आईचा पान्हाही आटू लागतो. सकाळची पेज दुपारपर्यंत राहिली, की तीत जंतू माजतात व हगवण जडते. मधाचे बोट तर वर्षाच्या आत वर्ज्यच, कारण मधातून क्वचित येणारे बोटुलिझमचे बीजाणू अर्भकाच्या आतड्यात रुजून त्याचे स्नायू लुळे पाडू शकतात.

सहा महिने भरल्यावर मात्र मामाच्या सवडीचा मुहूर्त शोधत उष्टावण लांबवणेही तितकेच अहितकारक, कारण पुढे केवळ दुधातील लोह पुरत नाही. तेलंगणातील अंगणवाडीचे ‘बालामृतम्’ हे पूरक अन्न सातव्या महिन्यापासून मिळते ते याचसाठी.

संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीस २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे जवळजवळ हेच सहा महिने. रोजंदारीवर वेचणाऱ्या बाईस ती नाही. ती मिळेपर्यंत तिला इतकेच करता येते, की पहाटे निघण्यापूर्वी हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत दूध काढून झाकून ठेवावे. आदिलाबादच्या हिवाळ्यात गार जागी ते चार तास टिकते, आणि आजीने ते वाटी-चमच्याने पाजावे.