बायोटेकला पहिला पैसा कोण देतो?

मंडळातल्या काही घरांतली मुले बायोटेकमध्ये उद्योग काढायचे म्हणतात आणि पालक आम्हाला विचारतात, "बँक कर्ज देईल ना?" आम्ही बँकेत जन्म काढलेली माणसे. पहिल्या टप्प्यात नाही, हेच खरे उत्तर. बँक तारण बघते, हप्ता बघते. लस बाजारात यायला कित्येक वर्षे लागतात; तोवर हप्ता कुठून भरणार?

आपल्या हैदराबादची शांता बायोटेक्निक्स १९९३ साली निघाली. तिच्यामागे भांडवल उभे केले ते ओमानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी! केंद्राच्या टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्डानेही कर्ज दिले. १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बीची देशी लस आली आणि परदेशी लशींचे भाव उतरले.

आता त्यासाठी केंद्राची बायरॅक ही संस्था आहे, २०१२ पासून. तिच्या 'बिग' योजनेत १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळते. ते फेडायचे नसते. मात्र पैसे टप्प्याटप्प्याने, काम दाखवल्यावरच. इथे आयकेपी नॉलेज पार्क या योजनेचे भागीदार आहे. खाजगी गुंतवणूकदार बहुधा नंतर येतात, आणि हिस्सा मागतात.

तेव्हा राहते घर गहाण टाकायची घाई नको. आधी हा अर्ज करा. अंदाजपत्रकाची आकडेमोड अडली तर आम्ही आहोतच.