स्नेहसंमेलनाचा घरचा कोट

नाचासाठी मुलाचा बंद गळ्याचा कोट घरी शिवताना आतला सदरा अंगात असतानाच माप घ्यावं आणि छातीला किमान 4 इंच सैल धरावं. बाजूच्या शिवणींत 1 इंच माया ठेवली, तर पुढच्या वर्षी तोच कोट उसवून वाढवता येतो.

खरी अडचण बगलेत येते. मूल हात वर करतं आणि अख्खा कोट गळ्याशी चढतो. मग बहुतेक जण मुंढा आणखी खोल कापतात. हे अजिबात करू नये. मुंढा जितका खाली, तितकी बाही कोटाच्या बाजूला जखडते आणि ओढ वाढते.

यावर चौबगला हा जुना आणि माझ्या मते फार देखणा उपाय आहे. बगलेपासून बाजूची शिवण अडीच इंच उसवा, बाहीचीही तेवढीच. त्याच कापडाचा साडेतीन इंची चौकोन कापा. चारी बाजूंनी अर्धा इंच दाब जाऊन अडीच उरतात. चौकोनाचे दोन समोरासमोरचे कोपरे उसवलेल्या टोकांना आणि उरलेले दोन मुंढ्याच्या शिवणीला, पुढे-मागे, जुळवा. आधी कच्चा धावदोरा घाला, मुलाला हात उंच करायला लावा, मगच टीप मारा. अस्तर असेल तर त्यातही तसाच तुकडा हवा, नाहीतर ओढ तिथे राहते.

बाही लांब झाली तर कापू नका, आत दुमडून हातशिलाई करा. दोन नाचांमध्ये कपडे बदलायचे असतील, तर काजांऐवजी आतून टिचबटणं लावा आणि शोभेची बटणं वर टाका.