रिकामं राहण्यासाठी बांधलेलं धरण

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, कॉर्डेल गावाच्या परिसरात, क्लाउड क्रीक नावाच्या ओढ्यावर १९४८ साली मातीचा एक भराव पूर्ण झाला. पूर वरच्या वरच अडवायचा, या विचाराने त्या देशात बांधलेलं हे पहिलं छोटं धरण. ओढा वॉशिटा नदीच्या खोऱ्यातला, आणि या नदीने १९३४ च्या एप्रिलमध्ये हॅमन गावाजवळ १७ माणसांचा बळी घेतला होता. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यात हे खोरं निवडलं गेलं. आज अशी धरणं एकट्या ओक्लाहोमात २,१०० हून अधिक आहेत, देशभरात जवळपास १२,०००. ती बांधून पुराचा प्रश्न सुटला, असं मानण्याची सवय मला घातक वाटते. मातीचं धरण एकदा बांधून संपत नाही. त्याची निगा हेच त्याचं निम्मं बांधकाम असतं.

आपल्याकडे पाझर तलाव कोरडा दिसला की गाव हळहळतं. इथे मात्र रिकामं पोट हीच खरी कमाई. तळाशी गाळापुरती जागा आणि थोडं पाणी, त्याच्या वर सगळी मोकळी जागा पुरासाठी राखलेली. तलावात काँक्रीटचा एक उभा मनोरा असतो. पाणी त्याच्या तोंडापर्यंत चढलं की आत पडतं आणि भरावाखालच्या नळातून ओढ्यात जातं. पण नळाला पेलेल तेवढंच. काही तासांत आलेला लोंढा असा पुढचे काही दिवस बेताबेताने उतरतो. पाऊस त्याहून मोठा झाला, तर बाजूचा गवत राखलेला सांडवा वाहू लागतो. पुराच्या रात्री कुणाला दार उघडायला जावं लागत नाही, वीज लागत नाही. ही फार शहाणी रचना आहे, पण कुणाला जावं लागत नाही म्हणूनच तिकडे कुणी फिरकेनासं होतं.

मग उतारावर एखादं रोप उगवतं, त्याचं झाड होतं. झाड वाळलं की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. बिळं करणारे प्राणी भराव पोखरतात, जुने लोखंडी नळ गंजतात. पायथ्याशी पाझर दिसला तर पाणी नितळ आहे की गढूळ, हे आधी पाहावं: नितळ पाझरावर नजर ठेवता येते, गढूळ पाझर म्हणजे भरावाची माती आतून वाहून चालली आहे. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, माणसं वाहून गेली. ते पूरनियंत्रणाचं नव्हतं, पण होतं मातीचंच, आणि गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. दोष खेकड्यांवर ढकलला गेला. बिळं बुजवणं हेच ज्यांचं काम, त्यांची जबाबदारी खेकड्यांमुळे कमी कशी होते?

यावर कुणी म्हणेल, त्यापेक्षा नदीवर एकच मोठं धरण बांधावं, देखरेखही सोपी. पण खालच्या मोठ्या धरणाचा वरच्या ओढ्याकाठच्या शेताला, साकवाला काय उपयोग? उलट हेही खरं, की सगळ्या खोऱ्यावर दिवसचे दिवस पाऊस कोसळला तर ही छोटी पोटं भरतात आणि मोठ्या नदीचा पूर फारसा कमी होत नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पूरक्षेत्रातून वस्तीच हलवावी. नवी वस्ती होऊ देऊ नये, हे मला मान्यच आहे. पण ओढ्याकाठची सुपीक जमीन हलवता येत नाही, आणि घडतं ते उलटच. धरणामुळे ओढा शांत होतो, म्हणून त्याच्या खाली घरं उभी राहतात. शेतं वाचवायला बांधलेल्या भरावावर आता माणसांचे जीव अवलंबून असतात. भराव तोच, धोका मात्र वाढलेला.

अमेरिकेतली अशी बरीच धरणं ५० वर्षांच्या हिशेबाने बांधली होती. २००० साली अमेरिकेने त्यांच्या पुनर्बांधणीसाठी कायदा केला. खर्चाचा ६५ टक्के वाटा केंद्राचा, उरलेला स्थानिकांचा. सांडवा रुंद करणं, नळ बदलणं अशी कामं त्यातून होतात. रोजची निगा मात्र स्थानिक संस्थांच्याच गळ्यात आहे, आणि गवत कापायला, झुडपं उपटायला, कुंपण नीट ठेवायला दरवर्षी पैसा लागतो. तो बांधकामाच्या अंदाजपत्रकातच कायमचा बाजूला काढायला हवा, आणि धरण फुटलं तर पाणी कुठवर जाईल याचा नकाशा खालच्या बाजूला घराची परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर असायला हवा.