तुमच्या नावावर कोणाचं कर्ज आहे?

मार्च २०२३मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार या टोळीने महेंद्रसिंग धोनी, अभिषेक बच्चन, शिल्पा शेट्टी अशा नामवंतांच्या नावाने पुण्यातल्या एका फिनटेक कंपनीकडून क्रेडिट कार्डं मिळवली आणि वीस लाखांहून अधिक रुपयांची खरेदी उरकली. पॅन क्रमांक मिळवायला त्यांना कुणाचा संगणक फोडावा लागला नाही. पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे थेट पॅन. नामवंतांची जन्मतारीख इंटरनेटवर असतेच. बनावट ओळखपत्रावर फोटो तेवढा स्वतःचा लावला.

धोनीचं सोडा. एकट्याच्या मालकीचं किराणा दुकान किंवा वर्कशॉप असेल, तर जीएसटी क्रमांकात मालकाचा वैयक्तिक पॅन असतो आणि तो प्रत्येक बिलावर छापून गिऱ्हाइकाच्या हाती जातो. शिवाय सिमकार्डासाठी, भाडेकरारासाठी, लॉजवर आपण आधार-पॅनच्या झेरॉक्स देत आलोच आहोत. पॅन गुप्त राखून निभाव लागेल, ही आशा आता सोडून द्यावी. आपल्या नावावर काय चाललंय हे वेळेवर कळणं मात्र आपल्या हातात आहे, आणि नेमकं तिथेच गैरसमज आडवे येतात.

गैरसमज : मी कधी कर्जच काढलं नाही, मला सिबिलशी काय करायचंय?

वस्तुस्थिती : सगळ्यांत घातक समजूत हीच. ज्याने आयुष्यात कर्ज काढलं नाही, तो सिबिलसारख्या कंपनीकडचा आपल्या कर्जांचा अहवाल कधी उघडत नाही. त्यामुळे त्याच्या पॅनवर कुणी ॲपवरून दोन-पाच हजार उचलले, तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. २०२२मध्ये अभिनेत्री सनी लिओनी यांनी आपल्या पॅनवर कुणीतरी दोन हजारांचं कर्ज काढल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. रक्कम एवढीशी, पण थकबाकीचा शिक्का तोच. निवृत्त आईवडिलांना हे कळतं ते मुलाच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून सही करायला बँकेत गेल्यावर.

गैरसमज : स्वतःचा अहवाल सारखा बघितला की क्रेडिट स्कोअर घसरतो.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. तुमच्या कर्जाच्या अर्जावरून बँकेने केलेल्या चौकशीचा परिणाम होऊ शकतो. तुम्ही स्वतः कितीही वेळा बघा, फरक पडत नाही.

गैरसमज : सिबिल म्हणजे रिझर्व्ह बँकेची थकबाकीदारांची यादी.

वस्तुस्थिती : सिबिल ही लोकांच्या कर्जांची माहिती ठेवणारी खासगी क्रेडिट कंपनी आहे. २००५च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेची परवानगी घेऊन काम करणाऱ्या अशा चार कंपन्या देशात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. थकबाकीदाराची आणि नियमित फेडणाऱ्याची, दोघांचीही माहिती त्यांच्याकडे असते. चौघींकडे ती तंतोतंत सारखीच असेल असं मात्र नाही.

२०१७पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणून दर तीन महिन्यांनी एकीचा अहवाल काढावा. वर्षभर नजर राहते आणि खर्च शून्य. कंपनीच्या संकेतस्थळावर सशुल्क पॅकेज ठळक दिसलं, तरी ते घ्यायची गरज नाही.

अहवाल हाती आला की लोक ३०० ते ९००मधला स्कोअरचा आकडा बघतात आणि फाइल बंद करतात. माझ्या मते बघायच्या जागा निराळ्या आहेत. आधी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि मोबाइल क्रमांक. ज्या गावात कधी राहिलो नाही तिथला पत्ता, ओळखीचा नसलेला क्रमांक दिसला की सावध व्हा. मग खात्यांची यादी : प्रत्येक कर्ज, प्रत्येक कार्ड आपलंच आहे ना? कुठे आपण जामीनदार म्हणून लागलो आहोत का? शेवटी चौकशांचा तक्ता. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, किती रकमेच्या अर्जासाठी तुमची माहिती मागवली, हे तिथे दिसतं. आपण अर्ज केला नसताना चौकशी असेल, तर कुणीतरी प्रयत्न करतंय. कर्ज मंजूर होण्याआधीची ही खूण असते, म्हणून हा तक्ता ओलांडून जाऊ नका.

गैरसमज : हप्ते फिटले, एनओसी मिळाली, विषय संपला.

वस्तुस्थिती : बँकेने ‘क्लोज्ड’ असं कळवलं तरच अहवालात तसं उमटतं. थोडी रक्कम माफ करून तडजोड केली असेल तर ‘सेटल्ड’ लिहिलं जातं, आणि पुढची बँक ते चांगलं मानत नाही. एनओसी जपून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी अहवाल तपासा.

गैरसमज : काही झालंच तर एसएमएस येईल.

वस्तुस्थिती : कुणी अहवाल मागवला की एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं, असा नियम आहे खरा. पण तो संदेश नोंदीतल्या क्रमांकावर जातो. जुना नंबर सोडून दिला असेल, तर काही महिन्यांनी तो दुसऱ्याला मिळतो आणि संदेशही त्यालाच. शिवाय संदेश फक्त खबर देतो, चोरी थांबवत नाही. झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहिणं, शक्य तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार देणं, आधारचं बायोमेट्रिक लॉक करणं, हे आपल्यालाच करावं लागतं.

गैरसमज : चूक दुरुस्त करायला एजंट लागतो.

वस्तुस्थिती : एजंटाला असा कोणताही अधिकार नाही जो तुम्हाला नाही. ज्या कंपनीच्या अहवालात चूक आहे तिच्या संकेतस्थळावर मोफत हरकत नोंदवा. ती कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारते. म्हणून त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लेखी कळवा, आणि कर्ज बनावट असेल तर अर्जासोबतची कागदपत्रं व पैसे कोणत्या खात्यात गेले याचा तपशील मागा. सायबर हेल्पलाइन १९३०वर तक्रार करून तिचा क्रमांक पत्रात लिहा.

तीस दिवसांत निवारण झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. एप्रिल २०२४पासून हा नियम लागू आहे. संस्थेने एकवीस दिवसांत उत्तर दिलं नसेल तर भरपाई तिच्याकडून, तिने वेळेत देऊनही नोंद बदलली नसेल तर क्रेडिट कंपनीकडून. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२पासून क्रेडिट कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत, आणि तिथेही तक्रारीला पैसे पडत नाहीत.

या आठवड्यात एक अहवाल काढाच. आणि घरात ज्यांनी कधी कर्ज घेतलं नाही, त्या आईचा, वडिलांचा, आजोबांचा अहवाल त्यांना शेजारी बसवून आधी काढा.