सांबराच्या शोधाची तयारी

इंग्रजी पुस्तकांतून ‘एल्क’च्या शिकारीचीं वर्णनें वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला गोंधळ नांवापाशींच होतो. यूरोपांत एल्क म्हणजे पसरट शिंगांचा, लोंबत्या ओठाचा ‘मूस’. अमेरिकेंत त्याच नांवानें रॉकी पर्वतांतील ‘वापिटी’ ओळखला जातो. आणि सिंहलद्वीपांत शिकारी केलेल्या सॅम्युएल बेकर या इंग्रज गृहस्थानें आपल्या ग्रंथांत सांबरालाच एल्क म्हटलें आहे. तेव्हां, वाचकहो, आपल्याला एल्क पाहण्यास रॉकी पर्वतापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. नागझिऱ्याच्या टेकड्यांत आणि नवेगांवच्या बांधाभोंवतालच्या रानांत तें आपल्या उशाशींच नांदत आहे.

पूर्ण वाढलेला सांबराचा नर खांद्यापाशीं चार ते पांच फूट उंच असतो; वजन २०० ते ३०० किलोपर्यंत भरतें. प्रत्येक शिंगाला बहुधा तीन टोकें असतात, आणि चांगलें शिंग एक मीटरच्या पुढेंही जातें. एवढें धिप्पाड जनावर, पण दाट बांबूंत वीस पावलांवर उभें असलें तरी दिसत नाहीं. म्हणूनच त्याच्या मागें जाणाऱ्यास तयारीवांचून गति नाहीं.

मध्यप्रांताच्या काळीं ही तयारी बंदुकीची असे. राखीव जंगलाचे शिकारीसाठीं गट पाडलेले असत. त्यांपैकीं एखाद्या गटाचा परवाना जंगलखात्याकडून मिळवावा लागे. मग मचाण बांधणें, हाक्याला माणसें जमविणें, वाटाड्या म्हणून जाणता गोंड मिळविणें, बैलगाडीवर तंबू, तांदूळ आणि कोयनेल लादणें, असा सारा खटाटोप चाले. कॅप्टन फोर्साइथचा १८७१ सालचा व डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याचा १९२३ सालचा ग्रंथ चाळला म्हणजे त्या काळच्या रानाची कल्पना येते. त्या शिकाऱ्यांचें कौतुक करावें तें नेमबाजीपेक्षां निरीक्षणाचें, असें मला वाटतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा खेळ संपला. त्यापूर्वींच, १९७० सालीं, नागझिरा अभयारण्य झालें होतें. १९७५ सालीं नवेगांवला राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. बंदूक गेली, बाकीची तयारी मात्र जशीच्या तशी उपयोगी आहे.

पहिला प्रश्न ऋतूचा. येथें बहुतेक जण फसतात. उन्हाळ्यांत पानगळ झालेली असते, पाणी थोड्याच ठिकाणीं उरतें, म्हणून जनावरें सहज दिसतात हें खरें. परंतु सांबराचीं शिंगें बहुधा मार्च-एप्रिलच्या सुमारास गळून पडतात. मे महिन्यांत पाणवठ्यावर बसणाऱ्यास नर दिसला तरी तो बोडका, किंवा मखमली कातड्यांत नवे कोंब फुटलेला असा दिसतो. पावसाळ्यांत शिंगें वाढतात; मग तो तीं झाडांच्या खोडांवर घांसून मखमल उतरवितो, आणि थंडीच्या आरंभीं माजावर येतो. शिंगांचें वैभव पाहावयाचें असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर गांठावा. तेव्हां झाडी दाट, दर्शन दुर्मिळ. दोन्ही एकदम मिळत नाहींत. माजाच्या दिवसांत त्याच्या गळ्याखालीं केंस गेलेला लालसर, ओला डाग दिसतो. तो पाहून पुष्कळ लोक जनावर जखमी झालें असें समजतात. ती जखम नव्हे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सांबराची दृष्टि बेताची, पण नाक व कान अत्यंत तीक्ष्ण. सकाळीं ऊन चढलें कीं डोंगरउतारावरील हवा तापून वर जाऊं लागते; सायंकाळीं थंड झालेली हवा खालीं उतरते. म्हणून जुने शिकारी सकाळीं जनावराच्या वरच्या अंगास व संध्याकाळीं खालच्या अंगास राहत. चिमूटभर राख हवेंत सोडून ते वाऱ्याची दिशा पाहत. आज मचाणावर बसणाऱ्यासही हा नियम तितकाच लागू आहे. सुगंधी तेल व अत्तर अर्थातच घरीं ठेवावें.

तिसरी तयारी कानांची, आणि हीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रानांत वाघ क्वचित् दिसतो, पण त्याची वार्ता इतर प्राणी देतात. चितळ लहानसहान कारणानेंही ओरडतें, त्यामुळें त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबूं नये. झाडावरचें वानर खेंकसूं लागलें तर लक्ष द्यावें. परंतु सांबर जेव्हां पुढचा पाय आपटून ‘पोंक!’ असा घणघणीत आवाज काढतें, आणि पुन्हां पुन्हां काढतें, तेव्हां तेथें वाघ, बिबट किंवा रानकुत्रे आहेत असें मानण्यास हरकत नाहीं. ज्या दिशेस तें टक लावून पाहतें तिकडे आपणही पाहावें. वनाधिकारी म्हणून नवेगांवच्या रानांत राहिलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचें लेखन वाचलें असतां असे कान कसे तयार होतात हें कळतें.

कपडे वाळल्या पानांच्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, पाणी भरपूर, खाण्यास फुटाणे-गूळ पुरे. मलेरियाच्या मुलुखांत मच्छरदाणी विसरूं नये. प्रवेश वनखात्याच्या परवानगीनें व मार्गदर्शकासह मिळतो. पावसाळ्यांत रान बंद असतें. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं मचाणावर बसण्याची सोय वनखातें करीत असतें, तिची चौकशी आधींच करावी.

पालकांशीं एक शब्द बोलणें अवश्य आहे. धानाच्या पिकांत रानडुकरें व हरणें शिरतात, हें दुःख शहरी पाहुण्यांना समजत नाहीं. पण शेताच्या कडेला विजेची जिवंत तार सोडणें हा उपाय नव्हे. त्या तारेला रानडुकर, सांबर, वाघ आणि पहांटे पाणी पाहण्यास निघालेला शेजारी यांच्यांतील भेद कळत नाहीं. पीकनुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते. अर्ज वेळेवर करावा, पंचनामा होईपर्यंत खुणा पुसूं नयेत. मे २०२३ मध्यें ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी आणून नागझिऱ्यांत सोडण्यांत आल्या. एका वाघाला वर्षाकाठीं सुमारें पन्नास मोठीं जनावरें लागतात. रानांत सांबर उरलें नाहीं तर वाघ गोठ्याकडे वळतो. ज्याचा बैल जातो त्याला हें सांगावें लागत नाहीं.

शेवटीं शिंगांविषयीं. रानांत गळून पडलेलें शिंग सांपडलें तर तें दप्तरांत घालून शाळेंत आणूं नये. मेलेलें किंवा टाकलेलें असलें तरी अभयारण्यांतून तें उचलणें गुन्हा आहे. शिवाय त्याला मालक आहे. रात्रीं सायाळ येते आणि चुन्याच्या गरजेपोटीं तें कुरतडून खाते. नीट पाहिलें असतां तिच्या दातांच्या समांतर रेघा त्यावर दिसतात.