ज्वारीच्या ताटातलं इंधन

मुलांनो, हुरडा खायला शेतावर गेलात, तर ज्वारीचं ताट सोलून चघळून पाहिलंय का कधी? काही ताटं चक्क उसासारखी गोड लागतात. हीच गोड ज्वारी. हिच्या रसापासून मोटारीचं इंधन बनतं, असं सांगितलं तर पटेल?

सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बी. व्ही. निंबकर यांनी ती १९६८ मध्ये स्थापन केली. या संस्थेने गोड ज्वारीवर वर्षानुवर्षे काम करून 'मधुरा' नावाचा वाण तयार केला. ताटं चरकातून काढून रस काढायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बुरशी. ती साखर खाते आणि इथेनॉल तयार करते. मग रस तापवायचा. पाणी १०० अंशांना उकळतं, पण इथेनॉल ७८ अंशांनाच! त्यामुळे वाफेत इथेनॉल जास्त येतं. ही वाफ थंड केली की झालं इंधन. फलटणला तर हे तापवण्याचं काम सूर्याच्या उष्णतेवरही करून पाहिलं.

आता शेतकऱ्याचा हिशेब बघा. ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा असतो; गोड ज्वारी साधारण चार महिन्यांत तयार होते आणि पाणीही बरंच कमी पिते. कणसातले दाणे भाकरीला, रस इंधनाला, चिपाडं गुरांना. वाया काय गेलं? काहीच नाही!

याआधी मोगली एरंडाचा गाजावाजा झाला होता. त्याच्या बियांच्या तेलापासून डिझेल करायचं, असा बेत २००३ च्या सुमारास देशभर आखला गेला. पण पडीक जमिनीत बी फारच थोडं आलं. शिवाय बिया विषारी, म्हणून पेंडही गुरांना घालता येईना. शेतकऱ्याच्या हाती काय उरलं, सांगा बरं?

मग गोड ज्वारी सगळीकडे का दिसत नाही? कारण तिचा रस फार उतावळा! ताटं तोडली की लगेच गाळावी लागतात, नाहीतर रस आंबतो आणि साखर घटते. पीकही सगळं एकदम तयार होतं. जवळ कारखाना नसला, तर गाडीभर ताटं घेऊन शेतकऱ्याने जायचं कुठे? २०१८ च्या केंद्र सरकारच्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचं नाव आहे. तरी आज पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल येतं ते मुख्यतः ऊस, मका आणि तांदळापासून. नुसतं बी देऊन भागत नाही. गाळपाची सोय आधी हवी, असं मला वाटतं.

फलटणच्या संस्थेने आणखी एक गंमत केली. हाच रस आटवून त्याची काकवी केली. ती टिकते, त्यामुळे विकायची घाई नसते. भाकरी ज्वारीची आणि वर काकवीही ज्वारीचीच!