स्लिम लॅपटॉप: मिलिमीटर बघायचे की ग्रॅम?

एलजीचा ग्रॅम १४ हा लॅपटॉप बंद करून मोजला तर जवळजवळ १७ मिलिमीटर भरतो, आणि वजन मात्र एक किलोच्या आत. ॲपलचा एम२ चिपचा १३ इंची मॅकबुक एअर जेमतेम ११.३ मिलिमीटरचा, पण वजन १.२४ किलो. दोघांत जो पातळ, तोच जड. तरी जाहिरातीत फोटो नेहमी कडेनंच काढलेला असतो. दिवसभर बॅग वागवणाऱ्या खांद्याला कळतात ते ग्रॅम. जाडी फक्त डोळ्यांना दिसते, आणि शोरूममधे खरेदी बहुतेक वेळा डोळेच करतात.

एसरच्या स्विफ्ट ७ चं उदाहरण बोलकं आहे. २०१८ च्या सुरुवातीला तो ८.९८ मिलिमीटर जाडीचा, जगातला सगळ्यात पातळ लॅपटॉप म्हणून मिरवला. आत पंखा नव्हता आणि प्रोसेसर आदल्या पिढीतला, अगदी कमी वीज खाणारा. पुढच्या वर्षीचं मॉडेल ९.९५ मिलिमीटरचं झालं आणि वजन ८९० ग्रॅमवर उतरलं. जाडी वाढली तरी वजन कमी करता येतं, हे कंपनीनं स्वतःच दाखवून दिलं. माझ्या मते १५-१६ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर वापरणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही. हातचं मात्र बरंच जातं. काय जातं ते बघू.

उष्णता जाणार कुठे?

प्रोसेसरचं नाव सारखं म्हणजे वेग सारखा, हा समज दुकानदार मोडत नाही. इंटेलची कोअर अल्ट्रा ७ १५५एच ही चिप कागदोपत्री २८ वॅटची. थोड्या वेळासाठी ती ११५ वॅटपर्यंत वीज ओढू शकते. पण हा ‘थोडा वेळ’ किती, आणि त्यानंतर किती वॅटवर स्थिरावायचं, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. ते अवलंबून असतं आतला पंखा, तांब्याच्या हीट पाइप आणि त्यांना मिळालेली जागा यांवर. जागा कमी असली की चिप तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. मेल, वर्ड, ब्राउझर यांत हे जाणवतही नाही. अर्ध्या तासाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावा, मग पहिल्या पाच मिनिटांतला आणि शेवटच्या पाच मिनिटांतला वेग यांत फरक दिसतो. शोरूममधल्या एसीत, दोन मिनिटांच्या डेमोत तो दिसणं शक्यच नाही.

आपल्याकडे यात हवामानाची भर पडते. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असावं असं सांगतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. दुपारी लाइट गेली की खोलीतच ही मर्यादा ओलांडली जाते. बिनपंख्याच्या लॅपटॉपला आवाज नाही, धूळ आत ओढायची भानगड नाही, हे खरंच सुख आहे. पण विदर्भात बसून उन्हाळाभर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यानं या सुखाच्या मोहात पडू नये. पंखा असलेला लॅपटॉपही गादीवर ठेवून वापरू नये. बहुतेकांची हवा आत घेण्याची भोकं तळाला असतात, आणि गादी ती बुजवते.

बटणांखालची जागा

शरीर पातळ करायचं तर कीबोर्डचं बटण खाली जायची जागाही कमी करावी लागते. ॲपलनं २०१५ च्या १२ इंची मॅकबुकमधे ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड आणला. तो इतका उथळ होता की धुळीचा एखादा कण आत गेला तरी बटण अडकायचं, किंवा एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटायचं. जून २०१८ मधे कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोमधे जुन्या धाटणीची, एक मिलिमीटर खाली जाणारी बटणं परत आली. अमेरिकेतला ग्राहकांचा दावा मिटवायला २०२२ मधे कंपनी ५ कोटी डॉलर द्यायला तयार झाली. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं हे प्रकरण!

मराठी टाइप करणाऱ्यांनी तर हे जास्तच तपासून घ्यावं. इनस्क्रिप्टमधे शिफ्ट सतत लागतो, आणि शिफ्टचं बटण बुळबुळीत किंवा आखूड असेल तर पानभर मजकुरात हात वैतागतो.

रॅम आणि ‘बोर्ड गेला’

सगळ्यात महाग तडजोड बाहेरून दिसत नाही. पूर्वी रॅमची पट्टी खाचेत बसायची. दोन वर्षांनी लॅमिंग्टन रोडवर जाऊन दुसरी घालून आणता यायची. स्लिम लॅपटॉपमधे बहुधा एलपीडीडीआर जातीची रॅम असते, आणि ती मदरबोर्डवर डाख देऊन पक्की केलेली असते. यात कंपनीचा निव्वळ लबाडपणा नाही. ही रॅम कमी व्होल्टेजवर, जास्त वेगानं चालते. त्यासाठी ती प्रोसेसरच्या अगदी जवळ असावी लागते. खाचेची जाडीही वाचते. पण ८ जीबी घेतलेल्याला आयुष्यभर ८ जीबीच. म्हणून स्लिम घ्यायचाच असेल तर खरेदीच्या दिवशीच १६ जीबी घ्या, पैसे प्रोसेसरच्या वरच्या मॉडेलवर घालण्याऐवजी इथे घाला. एलपीकॅम२ नावाची काढता-घालता येणारी नवी पट्टी २०२४ पासून मोजक्या मॉडेलांत दिसू लागली आहे, पण तिच्या भरवशावर आज थांबण्यात अर्थ नाही.

एसएसडीचं वेगळं विचारा. बऱ्याच विंडोज लॅपटॉपांत ती अजून स्क्रू काढून बदलता येते. मॅकबुक एअरमधे स्टोरेजच्या चिपा बोर्डवरच असतात. कारागीर म्हणाला, ‘बोर्ड गेला’, की रॅम, प्रोसेसर आणि स्टोरेज सगळं एकदम गेलं. बॅकअप नसेल तर फोटोही गेले. चिप लेव्हल काम करणारे हुशार लोक मुंबई-पुण्यात आहेत, पण तालुक्याच्या गावी ही सोय धरून चालू नका.

पातळपणा आणि दुरुस्ती यांचं वैर अटळ आहे असंही नाही. अमेरिकेच्या फ्रेमवर्क कंपनीचा २०२१ चा लॅपटॉप १५.८५ मिलिमीटरचाच होता. त्यात रॅम, एसएसडी, बॅटरी, अगदी पोर्टसुद्धा घरी बदलता येत होते.

फुगणारी बॅटरी

आतल्या बॅटऱ्या चपट्या पाउचच्या, अनेकदा चिकटवलेल्या. लिथियमची बॅटरी जुनी झाली किंवा फार तापत राहिली की कधीकधी फुगते, आणि पातळ शरीरात तिला फुगायला जागा नसते. ट्रॅकपॅड नीट क्लिक होईनासा झाला, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगू लागला, तर सॉफ्टवेअरमधे कारण शोधत बसू नका. चार्जिंग थांबवा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून वापरत असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू ठेवा. बहुतेक नव्या मॉडेलांत ती असते.

पोर्ट आणि पडदा

२००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमधे एकच यूएसबी पोर्ट होता, तेव्हापासून हबचा धंदा जोरात आहे. कॉलेजमधल्या प्रोजेक्टरला एचडीएमआय लागतं, काही ठिकाणी अजून व्हीजीए. लग्नाच्या फोटोग्राफरला एसडी कार्डाची खाच हवी. चार्जर आणि हब बॅगेत टाकल्यावर एकूण वजन किती होतं, तोच खरा आकडा. ॲपलनंच २०२१ मधे १६ इंची प्रो ०.६ मिलिमीटरनं जाड केला आणि एचडीएमआय, कार्डाची खाच दोन्ही परत दिली.

पातळ झाकण दाबाला कच्चं असतं. कॅमेऱ्यावर सरकपट्टी चिकटवून मॅकबुक बंद केल्यानं स्क्रीन तडकू शकते, असं ॲपलनं २०२० मधे बजावलं, ०.१ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साध्या कागदापेक्षा जाड काही नको! मग सकाळच्या विरार लोकलमधे पोटाशी धरलेल्या बॅगेवर चहूबाजूंनी दाब येतो, तेव्हा काय होत असेल याचा अंदाज करा.

दुकानात

रोज प्रवास करणारे, लिहिणारे, शिकवणारे, मीटिंगांत असणारे यांना हलका लॅपटॉप जरूर लाभतो. गेम, थ्रीडी, लांबलचक व्हिडिओ, किंवा एकच मशीन सात वर्षं चालवायचा बेत असेल तर थोडा जाड घ्या. टेबलावरून न हलणाऱ्याला स्लिमची गरजच काय?

दुकानात पाच मिनिटं आपला मजकूर टाइप करून बघा. एका कोपऱ्याला धरून उचला. कुरकुरला तर दुसरा बघा. रॅम सोल्डर केलेली आहे का, बॅटरी बदलायला किती पैसे आणि किती दिवस लागतात, जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे विचारा. साध्या वॉरंटीत फुटलेली स्क्रीन किंवा सांडलेला चहा येत नाही. त्यासाठीचं ॲक्सिडेंटल डॅमेज कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि ते नंतर घेण्याची मुदत कंपनीगणिक बदलते, म्हणून बिल करतानाच त्याची चौकशी करा.